मोठ्या गेटवरची फुलं

बस रे, पुढं बस माझ्याजवळ. ती फुलांची पिशवी आणि गुलालाचा पुडा मांडीवर घे, मागं ठेवलीस तर कोणतरी तिच्यावर बूड टेकेल. कुठं, कंपनीत? बापूस रिटायर व्हतोय म्हणतोस? चांगलं झालं. मंग तुला एक गोष्ट सांगतो. कंपनीच्या गेटापर्यंत पुरंल. तुझ्या बापसाच्याच कंपनीची हाय, आणि त्या पिशवीतल्या फुलांची पण हाय. फक्त मधी मधी बोलू नको, रस्ता खराब हाय, माझं ध्यान जातं.

मी हैबती, कुडपणचा. वरती डोंगरात नाचणी केली, वरी केली, रानडुकरानं ठेवली तेवढी खाल्ली. मंग खाली उतरलो आणि ही तीन चाकी मिनिडोर घेतली. शाळा म्हणशील तर चौथी, ती पण मास्तरानं ढकलली म्हणून. पण पोलादपुरातनं बाया भरायच्या, कंपनीत सोडायच्या, परत आणायच्या, यात माणूस जे ऐकतो ते शाळंत कोण शिकवत नाय.

तुझ्या मांडीजवळ बघ, सीटवर. पिवळा डाग दिसतो का? रॉकेल लावलं, साबण लावला, जात नाय. तो सोनाबाईचा हाय. तिचं गुडघं दुखायचं, मागं चढता यायचं नाय, म्हणून ती कायम इथंच बसायची, तू बसलास तिथं.

सोनाबाई कापडे गावची, बौद्धवाडीतली. नवरा गेला, पोरगा राजेंद्र मुंबईला गेला तो गेलाच. घरात ती आणि नात. रंगाची पावडर करणाऱ्या त्या कंपनीत सफाईला जायची. कंपनीत म्हंजे कंपनीची माणूस नाय बरं का. कंत्राटदाराची. दर मार्च अखेर कंत्राट बदलायचं, एप्रनच्या पाठीवरचं नाव बदलायचं, आतली बाई तीच. मला म्हणायची, "भाऊ, दर एप्रिलला मी नव्यानं जल्माला येते. एकदम कोरी. माझा अनुभव काय नाय."

आणि काम काय? पावडर सांडते ती झाडायची. ड्रम आतनं धुवायचे, वाकून, डोकं आत घालून. गटार उपसायचं. साहेब लोकांचे संडास धुवायचे, आणि आपल्याला लागली की भिंतीच्या मागं झाडीत जायचं, कारण धुतलेला संडास खराब व्हतो ना. हातमोजे हायत. तपासणीला मोठी माणसं आली की कपाटातनं निघतात, ती गेली की कपाटात जातात. एकदा तपासणी आली त्या रोजी बायांनी मोजे घातले, तर एकीनं उलटे घातले, सवय कुठाय. मास्कचं पण तेच. परमनंट माणसाला आंघोळीची खोली हाय, साबण हाय. तुझा बापूस आंघोळ करूनच घरी येत असंल, बघितलं असशील तू. ह्या बाया तशाच निघायच्या. टाचा पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या, घाम पिवळा. खोकलं तर पदराला पिवळं.

आणि पाण्याचा थंड मशीन हाय आत, त्याला हात लावायचा नाय. तुमचे हात घाण असतात म्हणे. तळ्याच्या गावाजवळ, रे. वीस मार्चला अख्ख्या देशातनं लोक येतात त्या तळ्यावर, सोनाबाई पण जायची, पांढरं लुगडं नेसून. आणि दुसऱ्या रोजी घरनं बाटली भरून कंपनीत. मी एकदा बोललो तिला, तर म्हणाली, "भाऊ, गाडी चालवा."

मी पण मराठ्याचा, मला कळलं तिनं का गप्प केलं ते. मंग मी नाय बोललो परत.

आता गेटाचं ऐक. कंपनीला दोन गेटं. मोठं गेट साहेबांचं आणि परमनंट लोकांचं. मागं गटाराच्या अंगाला दुसरं गेट, भंगार गेट म्हणतात. फुटके ड्रम, लोखंड, चिंध्या, सगळं तिकडनं बाहेर पडतं. कंत्राटी माणसं पण तिकडनंच. जाताना पिशवी उघडायची, डबा उघडून दाखवायचा. रिकामा डबा, रे, त्यात काय दाखवायचं? तरी दाखवायचा.

आणि मोठं गेट कसं, तर रोज त्याची माणूस जाण्यापुरती खिडकी तेवढी उघडी असते. दोन्ही दारं कवा उघडतात? साहेबाची गाडी आली की, नायतर कोण रिटायर झाला की. तुला ठाव हाय ते, तू त्याच्यासाठीच चाललास. महिन्याचा शेवटचा दिवस, गावची मंडळी गेटवर, बँजो, जीप. आतनं माणूस येतो, खांद्यावर शाल, हातात भिंतीवरचं घड्याळ. दारं उघडली की फुलं, गुलाल. एवढी उधळतात की माणूस दिसत नाय.

आणि दुसऱ्या सकाळी ते झाडतो कोण? सोनाबाई आणि बनुबाई. बनुबाई तुडीलची, जीभ अशी की दगडाला तडा जाईल. झेंडूची पाकळी डांबरावर चिकटते, त्यात गुलाल भिजतो, वरनं गाड्या जातात. खराटा चालत नाय, बसून घासावं लागतं. माझ्या गाडीची वाट बघत असताना एकदा दोघींचं चाललं व्हतं.

सोनाबाई म्हणाली, "माझ्या वेळंला मी काय झाडणार नाय हां. तू झाड."

बनुबाई म्हणाली, "झाडीन गो. पण तुझ्या वाडीवाल्यानला सांग, गुलाल बेतानं. माझं कंबरडं कंपनीचं नाय, माझं हाय."

"गुलाल कसला, आमचा निळा असतो."

"मंग तर जातच नाय तो. फुलंच टाका."

हसल्या दोघी. मी पण हसलो. तेव्हा मला कळलं, की म्हातारीच्या मनात हे हाय. मोठ्या गेटनं बाहेर यायचं. एकदा. दोन्ही दारं उघडून.

मागच्या मार्चला काय झालं, प्रवीण म्हणून सुपरवायझर हाय त्यांचा. पोरगा वाईट नाय, पण त्याचं कान कायम फोनला. त्यानं सांगितलं, "मावशी, नवा कंत्राटदार साठच्या वरची बाई घेत नाय. तुमच्या आधारवर साठ भरली. एकतीसला तुमचं संपलं."

सोनाबाईनं विचारलं, "म्हंजे मी रिटायर ना?"

त्याचा फोन चालू व्हता. म्हणाला, "हां हां, रिटायरच समजा."

झालं. त्या संध्याकाळी ती माझ्या गाडीत बसली. उतरताना म्हणाली, "भाऊ, एकतीसला गाडी मोठ्या गेटला लावायची. भंगार गेटला नाय." मी म्हटलं, का गो? तर म्हणाली, "मी रिटायर व्हते."

मला तवाच बोलायला पायजे व्हतं, असं तू म्हणशील. काय बोलणार? कंत्राटी माणूस रिटायर व्हत नाय, संपतो, एवढं मला पण ठाव व्हतं. पण तिच्या तोंडावर असा उजेड, आणि मी चौथी शिकलेला. मला वाटलं, माझंच चुकत असंल. प्रवीण म्हणाला तर म्हणाला असंल.

वाडीला तर काय, सणच. त्यांच्यातला काशीराम परमनंट व्हता, तो रिटायर झाला तवा वाडीनं बघितलेलं कसं करतात ते. तसंच करायचं ठरलं. बायांनी एका रंगाची लुगडी काढली. लेझीमवाल्या पोरी. झेंडूचं पोतं महाडच्या बाजारातनं. निळा गुलाल. नात प्रियदर्शिनी, बारावीची परीक्षा नुकतीच झालेली, तिनं भाषण लिहिलं. आजीनं सांगितलं, "माझं दुखणंबिखणं लिहू नको. किती लादी पुसली ते लिही."

एकतीसला दुपारी मी मोठ्या गेटला गाडी लावली. बघतो तर दुसरी पण एक जीप उभी. भागोजी ऑपरेटर त्याच रोजी रिटायर. त्याची माणसं, त्याचा बँजो. वाडीवाले आणि ते मिसळून गेले. कोणी कोणाला पेढा दिला, कोणाचा नाच कोणाच्या बँजोवर. गेटवरच्या सिक्युरिटीला वाटलं सगळी गर्दी भागोजीचीच.

शिफ्ट सुटली. गेटाच्या जाळीतनं आतला रस्ता दिसतो. पुढं भागोजी, शाल, घड्याळ, बरोबर दोन साहेब. आणि त्यांच्या मागं, जरा लांब, सोनाबाई. एप्रन काढलेला, नवं लुगडं. हातात पिशवी. तोंड धुतलेलं, पण धुवून पिवळं जातं व्हय?

सिक्युरिटीनं दोन्ही दारं उघडली. भागोजी पुढं आला. त्याच्या मागनं ती पाऊल टाकणार, तर त्यानं हात आडवा केला.

"मावशी, इकडनं कुठं?"

"मी रिटायर झाले."

"तुमचं कार्ड इथं वाजत नाय, मावशी. मागच्या गेटलाच वाजतं. इकडनं गेलात तर मशीनमधी तुम्ही आतच राहाल."

"राहू दे ना मशीनमधी. उद्या कुठं मला यायचंय?"

भागोजीनं ऐकलं. चांगला माणूस, सोनाबाईनं त्याच्याच खात्याची जमीन पुसली इतकी वर्षं. म्हणाला, "येऊ दे रे म्हातारीला माझ्यासंगं. कोणाचं काय जातंय?"

त्या सिक्युरिटीनं मान खाली घातली. म्हणाला, "माझं जातंय, भाऊ. मी पण कंत्राटीच हाय."

आता बोल. त्याला शिव्या घालणार का?

साहेब मागं वळून ऑफिसात गेले, त्यांचं काम झालेलं. भागोजीला त्याच्या माणसांनी खेचला, जीपवर चढवला, गुलाल उडाला. तो वरनं मागं बघत व्हता, पण बँजो सुरू झाल्यावर कोण कोणाचं ऐकतो. आणि सिक्युरिटीनं दारं लावून घेतली. सोनाबाई आत, वाडी बाहेर, मधी जाळी. लेझीमवाल्या पोरी लेझीम धरून उभ्या. प्रियदर्शिनी हार घेऊन जाळीला चिकटलेली. "आजी, वाकतेस का, इथनंच घालते," म्हणाली.

सोनाबाई म्हणाली, "नको गो बाय. जाळीतनं माकडाला घालतात." आणि वळली.

मंग अख्खी वाडी भंगार गेटला. तो रस्ता गटाराच्या कडेनं जातो, तुला वास म्हायती हाय. नव्या लुगड्यांच्या निऱ्या वर धरून बाया, पोतं डोक्यावर, लेझीम काखेत. मी गाडी मागं मागं घेत नेली, वळवायला जागा नव्हती. तिथं फुटक्या ड्रमांचा ढीग, त्याच्या बाजूला उभे राहिलो आमी.

ती आली, कार्ड वाजवलं. तिथला सिक्युरिटीवाला म्हणाला, पिशवी.

पिशवीत काय? बनुबाईनं आणि बाकीच्या बायांनी मिळून तिला स्टीलचा डबा दिलेला. आत, फरशी पुसायचं सामान ठेवतात त्या खोलीत, दुपारी भाकरी खाताना दिला. वरनं नाव घालून घेतलेलं, 'सोनाबाईस मैत्रिणींकडून'. महाडात भांड्याच्या दुकानात बनुबाईनं स्वतः उभं राहून घातलेलं नाव.

सिक्युरिटीवाला म्हणाला, "हा डबा नवा हाय. ह्याचा पास कुठाय?"

बनुबाई मागंच व्हती. "नाव वाच की त्याच्यावर."

"नाव वाचलं. पास कुठाय? आतनं बाहेर जाणाऱ्या मालाला पास लागतो."

"अरे मेल्या, बाहेरनं आत आणला आमी तो."

"आणताना दाखवला का?"

मंग कळलं पासवर कंत्राटदाराची सही लागते. आणि कंत्राटदार तर त्याच रोजी संपलेला. नवा उद्यापासनं. म्हंजे सही करणारा त्या टायमाला दुनियेत कोणच नव्हता. डबा राहिला केबिनमधी. भागोजीच्या घड्याळाचा पास साहेबांनी सकाळीच करून ठेवलेला, ते मला नंतर कळलं.

सोनाबाई म्हणाली, "राहू दे, बनू. भाकरी खाल्ली ना त्यातली, झालं." आणि बाहेर आली.

मंग घातले हार. उधळली फुलं. निळा गुलाल उधळला, ड्रमांवर, गटारावर, माझ्या गाडीवर. पोरींनी लेझीम केली, अशी केली की जसं काय मोठं गेटच ते. सोनाबाई मधी उभी, हात जोडून. एक पोर तिच्या गालाला गुलाल लावायला गेली आणि थांबली, खालचा पिवळा बघून. तिनंच पोरीचा हात धरून लावून घेतला. पिवळ्यावर निळा. हिरवी दिसायला लागली म्हातारी. तिलाच हसू आलं.

धर रे दांडा, खड्डा हाय इथं.

कापड्यात विहारापाशी भाषणं झाली. प्रियदर्शिनीनं वाचलं, आजीनं किती लादी पुसली ते. म्हणाली, आजीनं पुसलेली लादी एकापुढं एक लावली तर मुंबईत माझ्या बापाच्या दारापर्यंत जाईल, आणि तरी तो तिच्यावरनं चालत यायचा नाय. मंग जेवण. मला जेवल्याशिवाय सोडंनात. मी सोनाबाईच्या ओट्यावर बसून भात खात व्हतो, तवा तिचा फोन वाजला. प्रवीण. फोन तिनं स्पीकरवर टाकला, तिला तसाच ऐकायला येतो.

"मावशी, उद्या येता का?"

"मी रिटायर झाले ना रे बाबा?"

"ते झालं हो. पण नव्यानं आणलेल्या पोरींनी आज प्लांट बघितला आणि पळाल्या. ड्रम कोण धुणार? उद्या साहेबांची पाहणी हाय."

"माझी साठ भरली म्हणालास."

"ते मी बघतो. एका बाईचं कार्ड निघालेलं हाय, ती आली नाय, तुम्ही त्या कार्डावर या. नायतर असं करा, नातीला पाठवा. बारावी झाली ना तिची? बसून काय करते घरी? तुमची जागा घरातच राहील."

प्रियदर्शिनी आत भांडी घासत व्हती. तिला नर्स व्हायचंय, फारम भरलेला. भांड्यांचा आवाज थांबला.

सोनाबाईच्या गळ्यात हार तसाच व्हता अजून. ती म्हणाली, "पोरीचं नाव परत काढू नको. मी येते."

फोन ठेवला. माझ्याकडं बघितलं. "भात घ्या, भाऊ. आणि सकाळी गाडी नेहमीच्या ठिकाणी."

सकाळी बसली इथं, तुझ्या जागेवर. कानात निळं तसंच. पाठीवर नवं नाव देणार व्हते, गळ्यात कार्ड दुसऱ्या बाईचं. आजपर्यंत तेच हाय. आत तिला काय झालं, पाय घसरला, ड्रममधी चक्कर आली, तर सोनाबाई म्हणून कोण आत नव्हतीच. कागदावर ती घरी बसलीय, हार घालून.

मी बाकीच्या बाया उतरवल्या आणि चहा प्यायला टपरीवर थांबलो. टपरी मोठ्या गेटसमोर. बघतो तर गेटवर सोनाबाई, हातात खराटा. पाहणी व्हती ना, पहिलं काम तेच दिलेलं. भागोजीच्या पाकळ्या. खराट्यानं निघंनात, मंग बसली खाली, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडायला लागली. तेवढ्यात बनुबाई आली धावत, आपली बादली घेऊन.

"सर बाजूला. मी शब्द दिलेला."

"माझ्या वेळंचा दिलेला गो. ही भागोजीची हायत."

"तुझी कुठायत?"

"मागं. ती नंतर."

बनुबाई बसलीच तिच्याजवळ. दोघी घासत व्हत्या, तर आतनं प्रवीण. "एका जागेवर दोघी नको. बनुबाई, तुम्ही आत, संडास राहिलेत." बनुबाईनं त्याला काय ऐकवलं ते तुझ्यासमोर बोलत नाय, तू सणाला चाललायस. पण गेली. जायलाच लागतं.

मंग सोनाबाई भंगार गेटला गेली. मी पण गेलो मागनं, चहा तसाच टाकून. ड्रमांच्या बाजूला वाडीनं उधळलेलं सगळं पडलेलं, रात्रीच्या गाड्या वरनं गेलेल्या. निळा चिखल. तिनं एक पाकळी उचलली, बघितली, घमेल्यात टाकली. मी म्हटलं, दे गो, मी झाडतो. तर म्हणाली, "तुमचं कार्ड नाय, भाऊ. इथं हात लावलात तर मला बोलतील."

मंग म्हणाली, "आधी ठाव असतं तर फुलं कमी आणायला सांगितली असती."

बास. एवढीच गोष्ट. तो डबा अजून केबिनमधी हाय. सिक्युरिटीवाले त्यात चहाची पावडर ठेवतात, नाव वर करून.

हं, हे आलं बघ मोठं गेट. उतर सावकाश. तुझी माणसं उभी हायत तिकडं. बापसाला माझा नमस्कार सांग, माणसानं जल्मभर राबून दोन्ही दारातनं यावं, त्यात वाईट काय नाय. हार घाल त्याला, जीपवर चढव, वाजवा काय वाजवायचं ते. पण माझं एक ऐक. उद्या एक तारीख हाय आणि म्हातारीचा गुडघा आता वाकत नाय. ती पिशवी इथं गेटवर मोकळी करू नको. घरी ने, तुमच्या दारात उधळा. तुमचं तुमी झाडा. आणि तो गुलालाचा पुडा इकडं दे माझ्याजवळ, परत जाताना घे.